कोईमतूरचा जबाब

मी मूळची वडूजकडची बघा ताई. म्हंजे वडूजबी न्हवं, तिथनं आत माळावरचं गाव, ज्वारी आली तर आली, न्हाई तर देवाची मर्जी, आन घरटी एक मानूस मिलिट्रीत. माजं वडीलबी मिलिट्रीतच. त्ये सुट्टीवर आले की आमी पोरं आदी आईच्या पदराआड लपायचो, ह्यो मिशावाला कोन म्हनून, आन जरा कुटं सवय व्हायची, मांडीवर बसाय लागायचो, की त्यांची ट्रंक भराय निघायची. आई भाकरी बांधून द्याची आन पाठमोरी हुबी ऱ्हायची. त्ये बघून मी तवाच सांगितलं व्हतं, मला फौजीला दिऊ नका, काय वाट्टंल त्याला द्या. आन दिली कुनाला? तर विट्याच्या गलाईवाल्याला! आगीतनं उठून फुफाट्यात, दुसरं काय म्हनायचं. फौजीला सरकार सुट्टी तर देतंय, गलाईवाला आपला यात्रेला येनार, चार दिस ऱ्हानार, की चालला.

तुमाला गलाई ठावं असंल, न्हाई तर सांगते. जुनं सोनं भट्टीत वितळवायचं, तेजाबात, म्हंजे ॲसिडात टाकायचं, त्यातलं हीण काडून चोख करायचं. विट्याकडची मानसं ह्या धंद्यापायी कुटं कुटं गेलीत म्हनून सांगू तुमाला, ज्या गावाचं नाव आपल्याला बोलता येत न्हाई तिथं आमचा एक मानूस भट्टीम्होरं बसलेला सापडनार. म्हनून तर आमच्या गल्लीत घरं मोठी आन घरात मानसं थोडी. आमचं मालक कोईमतूरला. लगीन झाल्यावर पंधरा दिसांत गेले. मी म्हनलं, मलाबी न्या की. तर म्हनले, दुकानामागं एक खोली, त्यात आमी तिघं गडी, आन सारखा तेजाबाचा धूर, तुला कुटं नेऊ. बरूबरच व्हतं त्यांचं. बरूबर असलं म्हनून काय वाईट वाटत न्हाई व्हय?

आता काम्प्युटरचं इचारता तर त्येचंबी एक गंमतच हाय. बारावी झाल्यावर वडलांनी वडूजला क्लास लावला. आमच्या गावची येस्टी कवा येळेवर आली न्हाई, मी पोचायची तवर चांगल्या मशिनी बाकीच्या पोरींनी धरलेल्या, आन माज्या वाट्याला कोपऱ्यातली, तिचा माऊसच मोडका. सरांना म्हनलं, सर, माऊस चालंना. सर म्हनले, तुला कशाला पायजे माऊस, ही काळी खिडकी उघड आन हुकूम टाइप कर, मशीन मुकाट्यानं ऐकती. कमांड प्राम्ट म्हनतात त्येला, मी काळी खिडकीच म्हनते. नुसती काळी पाटी, त्यात एक रेघ लुकलुकत असती, तू बोल, मी हाय म्हनल्यागत. बाकीच्या पोरी चित्रं काढत बसायच्या आन मी त्या काळ्या खिडकीशी बोलत बसायची. आवडाय लागलं मला. सांगितलं तेवढंच करती, आन न्हाई जमलं तर न्हाई म्हनून सांगती, तोंड फुगवून बसत न्हाई.

लेक शाळंत जायला लागली तवा विट्यात दुरुस्तीचं दुकान टाकलं, येस्टी स्टँडच्या मागच्या अंगाला. आत्या, म्हंजे माज्या सासूबाई, म्हनल्या, बाईमानूस मशिनी दुरुस्त करनार, लोक हसतील. आन पयल्या महिन्यात आत्याच शेजारनीला सांगत हुत्या, आमच्या सुनंला दे, ती मेलेलं काम्प्युटर उठवती. मेलेलं नसतंय वो बहुतेक. एक फोटोग्राफर रडत आला, लग्नाचा सगळा पेनड्राईव्ह रिकामा झाला म्हनून. वायरसनं फायली दडवल्या व्हत्या. काळी खिडकी उघडली, ॲट्रिब म्हनून एक हुकूम हाय, त्यो दिला, आन नवरा-नवरी, वराती, जेवनाच्या पंगती, सगळं परत हजर. तिथंच बाकड्यावर मटकन बसला गडी. म्हनला, ताई, दोन्ही घरच्यांनी मला आज फोडून काडला असता.

मग ह्यांनी कोईमतूरला सोताचं दुकान घेतलं. तवा मी तिथं गेलते, एकदाच, लेकीला घिऊन. बिलासाठी काम्प्युटर बसवला, आन इंटरनेटच्या लाईनवाल्याकडनं मशीनसाठी न बदलनारा नंबर घेतला, म्हंजे मला विट्यातनं मशीन लागती का न्हाई त्ये बघता येईल. कॅमेरा न्हाई लावू दिला बाहेरनं बघायचा. गिऱ्हाइकाचं सोनं दुसऱ्याला दाखवायचं न्हाई, हा धंद्याचा नेम. दुकानातनं व्हिडिओ कॉलबी त्याच्यामुळंच न्हाई. बरं, नुसता नंबर तर नंबर.

त्या मशीनमुळं आमचा संसार झाला म्हना ना. खोटं न्हाई सांगत. आदी फोन यायचा तर काय, जेवलीस का, आत्या बऱ्या हायत का, लेक काय करती, ठेवू का. आन मशीन आल्यावर काय ना काय बिघडायचंच. दुपारी भट्टी थंड करून फोन लावायचे, अगं शोभे, ह्ये परत रुसलं बघ. मी म्हनायची, काळी खिडकी उघडा. आन मी एकेक अक्षर सांगायची आन ह्ये एका बोटानं टाइपायचे, टक, मग शोधायचे, मग टक. इंग्रजीत ती तिरकी काठी असती ना, स्लॅश, एक हिकडं कललेली एक तिकडं, त्यात ह्यांचा कायम घोळ. म्हनून मी सांगितलं व्हतं, डावीकडनं उजवीकडं चालत गेलं की एक काठी घाट चढती आन एक उतरती. तवापास्नं दर खेपंला इचारनार, चढ का उतार गं? मी म्हनायची चढ. मग टक. आन एवढं करून हमखास उतारच टाइपनार, मशीन म्हननार कळलं न्हाई, मग परत पयल्यापास्नं. मला कटाळा न्हाई यायचा. खरं सांगू, दोन मिंटाचं काम मी अर्धा तास लांबवायची. तिकडं मागं रस्त्यावरची तमिळ गलबल ऐकू यायची, ह्यांचं खाकरनं ऐकू यायचं, आन मला वाटायचं आपन शेजारीच बसलोय.

आन रोज सकाळी दुकान उघडलं की देवाला उदबत्ती लावायची, मशीन चालू करायची, काळी खिडकी उघडायची आन पिंग टाइप करून कोईमतूरचा नंबर टाकायचा. पिंग म्हंजे काय, तर आपन हिकडनं हाळी द्यायची, हाय का रं, आन तिकडची पेटी जबाब देती, हाय. चारदा हाळी, चारदा जबाब. ह्ये जाताना मेन स्विच बंद करून जायचे, भट्टीचं दुकान, जोखीम नगं म्हनून. तवा सकाळी जबाब आला म्हंजे मालकांनी शटर उचललं, दिवा लावला, मानूस धड हाय. आत्या इचारायच्या, आला का गं कोईमतूरचा जबाब? आला म्हनलं की मग त्या चहा घ्यायच्या. ह्यांना आमी कवा सांगितलं न्हाई. हसले असते.

तर गेल्या साली, दिवाळी होऊन गेली आन एक दिवस जबाब येईना. वाट बघून खिडकी म्हनती, येळ संपली. फोन लावला तर ह्यांनी उचलला, म्हनले, रस्ता खोदलाय गं, लाईन तुटलीया, बाकी दुकान झ्याक चाललंय. बरं म्हनलं. दुसऱ्या दिवशी न्हाई, तिसऱ्या दिवशी न्हाई. फोनला मानूस हाय, धंद्याचं बोलतंय, सोन्याचा भाव सांगतंय, आन माजी हाळी तिथं जाती आन परत येत न्हाई. ट्रेसर्ट म्हनून एक हुकूम हाय, त्यो वाट दावतो, हाळी कुटनं कुटं गेली. बघितलं, तर विट्यातनं निघाली, पुढं गेली, पार कोईमतूरच्या लाईनवाल्याच्या दारात गेली, आन तिथनं म्होरं नुसत्या चांदण्या, जबाब न्हाई आला की खिडकी तशा फुल्या दावती. म्हंजे आमच्याच दुकानाच्या दारात थांबलीया. आता लाईन तुटली तरी असंच दिसतंय, म्हनून मी मनाची समजूत घालायची. आत्या न इचारताच चहा घ्याय लागल्या. लय वाईट दिवस व्हते त्ये.

मग ह्ये एकदा दुपारी म्हनले, आली बघ लाईन. मी म्हनलं, हिकडं दिसंना, तवा तुमी मशीनम्होरं बसा, मी सांगते. बसलो म्हनले. आयपीकॉन्फिग टाइपा, मग जागा सोडा, मग काठी, मग रिन्यू. आन मी थांबले. आता इचारत्याल म्हनून थांबले. तर ह्ये फाडदिशी म्हनतात, टाइपलं, झालं, नंबरबी आला.

काय सांगू तुमाला. ना टक, ना चढ का उतार. दुकानात गिऱ्हाईक बसलं व्हतं, त्येला म्हनलं, दादा, जरा चहा पिऊन या. आन फोनवर म्हनलं, आवं, तुमच्याम्होरं मशीनच न्हाई. दुकान कुटाय? तवा म्हनले, न्हाई गं. दिलं सोडून.

तेजाबाच्या धुरानं छाती भरलीती. डाक्टरनं सांगितलं, भट्टीम्होरं बसायचं न्हाई. दिवाळी झाली तसं दुकान दुसऱ्याला दिलं, मशीन बांधून ठिवली, आन ह्ये एका खोलीत एकटं. रोज दुपारच्याच टायमाला मला फोन करायचा, भट्टी थंड केल्यागत. मी म्हनलं, मग घरी का न्हाई आलात? तर म्हनले, यात्रेला येतो की. मला समजंना, रागवू का रडू. आमच्याकडं तसंच हाय वो, गलाईवाला यात्रेला यायचा, पोरांना कापडं, देवाला काय तरी, गल्लीत मान. मधीच मानूस दिसला की लोकांच्या नजरा बदलत्यात, काय झालं, धंदा बुडला का, कुनाशी बिनसलं का. त्येवढ्यासाठी ह्ये छाती धरून यात्रेची वाट बघत बसले व्हते. आन यात्रा चैतात!

मी लय सांगितलं. म्हसवडच्या सिद्धनाथाची शप्पत घातली. न्हाई म्हंजे न्हाई, माजी गल्लीत मान खाली जाईल म्हनले. मी म्हनलं मीच येते न्याला, तर म्हनले, आलीस तर खोली बदलीन. मग घरी येऊन आत्यांना सगळं सांगितलं. आत्या शेंगा फोडत बसल्या व्हत्या. फोन लावून दे म्हनल्या. त्यांना फोन कानाला नीट धरता येत न्हाई, तोंडाम्होरं धरला आन वराडल्या, तुला काय यात्रेपुरता जल्माला घातलाय व्हय रं मी? ये निघून. आन फोन माज्याकडं देऊन परत शेंगा फोडाय लागल्या. पन दानं टरफलात टाकत व्हत्या, मी बघितलं.

आले. साध्या दिवशी, भर उन्हाचं, हातात एक पिशवी. मी स्टँडवर हुबी व्हते. खाली उतरले त्ये मला आदी वळखूच आले न्हाईत, येवढं मानूस वाळलेलं. मी पिशवी घ्याय गेले तर दिली न्हाई. मग मी हातच धरला. विट्याच्या स्टँडवर, सगळ्यांदेखत! ह्ये म्हनले, सोड, लोक बघत्यात. मी म्हनलं बघू देत, लय वर्सं काय बघितलं न्हाई त्यांनी.

आता दम जरा कमी हाय. सांगलीच्या डाक्टरचं औषध चालू हाय, लेकबी तिथंच नर्सिंगला हाय, ती लक्ष देती. सकाळी माज्याबरूबर दुकानात येत्यात, त्या खुर्चीत बसत्यात. पन ताई, सांगायला लाज वाटती, आता बोलत न्हाईत. म्हंजे भांडान न्हाई, काय न्हाई. सवयच न्हाई वो समोरासमोर. मी बघितलं की ह्ये रस्त्याकडं बघनार, ह्यांनी बघितलं की मी स्क्रूड्रायव्हर शोधनार. उभा जल्म एकमेकांचा आवाज ऐकला, तोंड कुटं बघितलं. मी लेकीकडं सांगलीला गेले की मातर ह्यांचा फोन येतो, आन मग काय बोलत्यात, काय बोलत्यात! कोईमतूरची देवळं, पयल्या दुकानाचा शेट, मोगऱ्याचा बाजार, मला एवढ्या वर्सांत न सांगितलेलं सगळं. मी सांगलीच्या स्टँडवर बाकड्यावर बसून ऐकत ऱ्हाते आन एक येस्टी सोडून दुसरीनं येते. घरात मानूस आला तरी त्याची आठवन येती, असं कुनाचं ऐकलंय का तुमी? माजं तसं हाय. व्हईल हळूहळू. देवानं श्वास ठिवलाय, बोलनंबी दील.

तुमी आता निघताय तर एक सांगू का, राग मानू नका. आमच्याकडं गलाईवाला दिसला की जो तो पयलं त्येच इचारतो, कवा आलास आन कवा चाललास. तुमीबी जाताना बोलाल त्यांच्याशी, तिथं पायरीवरच बसलेत बघा उन्हाला. बोला, त्यांना बरं वाटतं. फकस्त कवा चाललाय, येवढं इचारू नका.