हैबतीला गोड देऊ नका

…आणि वर वाडीतले मलाच विचारतात, "हैबती, साखर कमी कशी झाली रे?" आता काय सांगू? अवो, ती वाढली म्हणून सहा महिने शिव्या मीच खाल्ल्या, आता उतरली म्हणून शिव्या पण मीच खायच्या? माणसानं खायचं तरी काय, तेवढं एकदा सांगा!

तुम्हाला सांगतो, मधुमेह माझा जुना, एसटीच्या नोकरीतला, आंबेनळी घाटात गाडी चालवता चालवता लागलेला. त्यात औंदा आतड्याचा कॅन्सर निघाला. म्हणजे एक जावई घरात रुसून बसलेला, तोवर दुसरा दारात! मुंबईचे कॅन्सरचे डॉक्टर म्हणतात, "हैबतराव, वजन उतरता कामा नये, भरपूर खा!" महाडचे साखरेचे डॉक्टर म्हणतात, "हैबतराव, हात आवरा!" एक म्हणतो ॲक्सिलेटर, दुसरा म्हणतो ब्रेक, आणि गाडी घाटात! माणसानं खायचं तरी काय?

त्यात केमोबरोबर ते स्टेरॉइड देतात. ते पोटात गेलं की साखर उड्या मारते, भूक अशी लागते की दाराची चौकट खावी… आणि बडबड! आता चाललीय ना, तशी. एकदा साखर एवढी चढली की डॉक्टरांनी केमोचा डोसच पुढं ढकलला. तेव्हा मात्र आमची बायको, येसू, घाबरली. पुन्हा डोस हुकला तर रोग हाताबाहेर जाईल, एवढंच तिच्या डोक्यात. घरी आली ती साखरेचा डबा, गूळ, खजूर, देवापुढची खडीसाखर सुद्धा शेजारच्या उज्वलाकडं पोचवून मोकळी! आणि मग निघाली वाडीत घरोघर. "आमच्या ह्यांना कोणी गोड द्यायचं नाय! पाया पडतील, चक्करचं नाटक करतील, तरी नाय! मी स्वतः मागितलं तरी नाय!" आता केलं होतं मी नाटक एकदा… बरं, दोनदा. पण म्हणून काय लग्नाचं आवतण द्यावं तसं सांगत फिरायचं?

मग डोस झाला, स्टेरॉइड संपलं, आणि भूक जी पळाली ती पळालीच. इन्सुलिन मात्र मी इमानदारीत टोचलं, स्टेरॉइडपायी वाढवून दिलेलं तेवढंच. पुढ्यात भाकरी आली नि पोटात असं ढवळलं की ताटच सरकवलं. येसू पोलादपूरला औषधं आणायला गेलेली. जरा वेळानं हात थरथरायला लागले, बनियन घामानं ओलं, डोळ्यांपुढं सगळा घाट फिरतोय! कळलं, साखर उतरली. गोड पायजे, आत्ता! आणि घरात काय? टोपलीभर कारली!

गेलो उज्वलाकडं. "पोरी, साखर दे गो, जीव चाललाय!" ती हसायलाच लागली. "काका, या खेपेला घाम लय भारी जमवलाय! पाणी मारलंत काय?" अवो, खरा घाम! भिंती धरत महिपतीच्या दुकानात गेलो. तो म्हणतो, "दादा, मीठ मागा, मिरची मागा, गोडाचं नाव नको. वयनी दुकान जाळतील माझं!" माणसानं खायचं तरी काय… म्हणालो आणि बसलो पायरीवर. पुढचं मला ठाऊक नाय, ते महिपतीनं सांगितलं.

येसू गाडीतून उतरली, मला बघितलं आणि पिशवी टाकून ओरडली, "महिपती, गूळ दे!" तर हा काय म्हणतो? "वयनी, तुम्हीच म्हणालात, मी स्वतः मागितला तरी देऊ नको!" काय सांगू तुम्हाला… देवळाची पायरी चढताना 'आई गो, गुडघा!' करणारी ही बाई दुकानाच्या फळीवरून उडी मारून थेट आत! वजनाच्या मापानं ढेप फोडली आणि खडा माझ्या तोंडात. मी गिळत होतो म्हणे, एवढी शुद्ध होती. अख्खी वाडी गोळा झालेली, आणि ती मला पोटाशी धरून रडत होती, "खा हो, खा, पायजे तेवढा खा…"

महाडचे डॉक्टर ओरडले, "स्टेरॉइड संपलं की इन्सुलिन कमी करायचं, जेवण जाणार नसेल तर टोचण्याआधी फोन करायचा, सांगितलं होतं ना?" सांगितलं असेल… मी तेव्हा बोलत होतो. असो. आता साखर ताळ्यावर हाय, कालचा डोस वेळेवर मिळाला, येसू हसली सुद्धा. पण तुम्हाला सांगतो, ज्या गुळासाठी सहा महिने दारोदार खोटं बोललो, तो बायकोनं गावासमोर स्वतःच्या हातानं भरवला… आणि तो गोड होता की कसा, ते मला काय केल्या आठवत नाय!