वळणापुढचं गाव

आदरणीय अध्यक्ष खंडेरावजी, व्यासपीठावरील मान्यवर, छापखान्यातले माझे सहकारी आणि केरूभाऊंच्या पत्नी कमळावहिनींसोबत सुरगाण्याहून आलेली पाहुणे मंडळी,

आपले चित्रकार केरूभाऊ भोये आज निवृत्त होत आहेत. बावीस वर्षं त्यांनी आमच्या अद्भुतकथांची मुखपृष्ठं रंगवली. ढगांत तरंगणारे डोंगर, जांभळ्या नद्या, आतून उजळलेली झाडं. जे गाव कुठल्याच नकाशात नाही, तिथे जावंसं का वाटावं? मी संपादक, पण हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

सत्त्याण्णव साली मनमाडचे रेल्वे कामगार भिमाजी गंगापूर रोडच्या आपल्या कचेरीत आले. हातात आमचंच पुस्तक. मुखपृष्ठावर बोट ठेवून म्हणाले, "बाई, ही वाट डोंगराआड वळती. तिच्या पुढं काय हाय? माझी तृप्ती रोज इचारती."

तृप्ती अकरा वर्षांची. डॉक्टरांनी हात टेकले होते.

ते नुसतं चित्र आहे, असं मी सांगणार, तोच केरूभाऊंनी रंगाचे डबे पिशवीत भरले. म्हणाले, "चला."

मनमाडला, भिमाजींच्या रेल्वे क्वार्टरमध्ये, तिच्या खाटेसमोरच्या भिंतीवर त्यांनी ती वाट पुढे नेली. ती सांगायची, हे काढायचे.

"काका, इथे पूल."

"हा घे."

"पलीकडे गाव आहे?"

"हाय ना. उद्या काढू."

आणि मी काय केलं? चौथ्या दिवशी स्टेशनवर फोन करून निरोप धाडला: मुखपृष्ठ अडलंय, ताबडतोब या. नोकरीचा माणूस, आले बिचारे. दोन दिवसांत चित्र हातावेगळं करून तसेच मनमाडला परतले. तृप्ती आदल्या संध्याकाळी गेली होती. भिमाजी एवढंच म्हणाले, "पुलापत्तुर पोचली व्हती."

केरूभाऊ तेराव्यापर्यंत तिथेच राहिले. गाव पूर्ण केलं. घरं, अंगणं, विहीर, सगळं. परत आल्यावर मला एका शब्दानंही बोलले नाहीत. पण त्यानंतरच्या त्यांच्या एकाही मुखपृष्ठावर वाट नाही. डोंगर आहेत, नद्या आहेत, वाट नाही. वाचकांच्या ध्यानात आलं नसेल. माझ्या आलं, आणि तरीही सहा वर्षं मी गप्प बसले.

अध्यक्षमहाराज, बोलायची संधी दिलीत, मनापासून आभार. काही अधिकउणं बोलले असेन तर सभागृहानं पोटात घालावं. केरूभाऊ, तुम्ही मात्र घालू नका. तो निरोप मी धाडला होता. मी तुमची माफी मागते.