मोडलेलं मौन

तुम्हाला सांगते, अपिलाचा निकाल लागेपर्यंत मौन पाळीन, असा मी गणपतीला नवस बोलले होते. हे न सांगता गैरहजर राहिले म्हणून त्यांना इकडे आखातात, शुवैखच्या गोदामातून काढलं आणि नोकरी सुटल्यावरचे पैसेही नाकारले. दुसरं काम मिळेपर्यंत त्या पैशांवरच घर चालायचं होतं, म्हणून आम्ही अपील केलं.

कोर्टात न्यायाधीशांनी दुभाष्यामार्फत विचारलं, "आजारपणाची चिठ्ठी ऑफिसात कुणी नेली?"

"हिनं," हे म्हणाले.

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी मनात देवाची क्षमा मागितली.

"मीच नेली. कारकुनानं माझ्यादेखत फायलीत लावली."

फाईल मागवली, तर चिठ्ठी तिथंच. निकाल आमच्या बाजूनं लागला.

वाटेत हे म्हणाले, "गणपती रागावला असेल."

"रागावला असता तर चिठ्ठी सापडली असती?"

बायांनो, नवस जरूर बोला. पण आपल्या माणसासाठी तोंड उघडायची वेळ आली, तर तुम्हीही उघडा.