स्वातीची सोय

गोष्ट अडली की मी काय करते म्हणून काय विचारता? मी काहीच करत नाही, आमच्या सासूबाई करतात!

मध्यंतरी माझ्या गोष्टीतली स्वाती सासर सोडून निघाली आणि विठ्ठलवाडीच्या बस डेपोत येऊन बसली. पुढे मी एकदम ब्लँक. मी पोळ्या लाटत होते, माझं तोंड बघून सासूबाईंनी विचारलं, "काय गं, कसला एवढा विचार?"

"स्वाती, आई. सासर सोडून डेपोत बसलीय. कुठे जाईल कळत नाही."

त्यांनी गॅस बंद केला आणि थेट अंबरनाथला बहिणीला फोन लावला. "वरची खोली झाडून ठेव. एक पोरगी येतेय. काही विचारू नकोस, आधी जेवायला घाल."

"अहो आई, ती खरी नाहीये! माझ्या गोष्टीतली आहे."

त्यांनी माझ्या हातातलं लाटणं काढून घेतलं. मग म्हणाल्या, "गोष्टीतली असली म्हणून काय झालं? लेकीबाळीला असं डेपोत बसवून ठेवतात का? पोळ्या मी बघते. तू आधी तिला तिथून उठव."

संध्याकाळपर्यंत मी स्वातीला अंबरनाथच्या त्या खोलीत पोचवलं. सासूबाईंना जाऊन सांगितलं, तर विचारतात, "जेवली ना?"