मी फक्त एकटीला राहू द्या म्हटलं होतं

नाही, तुम्हीच सांगा, स्वतःच्या घराचं दार स्वतः लावून घेतलं, यात मी कोणता गुन्हा केला? तिकडे मौमेरे शहरातल्या इस्पितळात आईच्या पित्ताशयाचं ऑपरेशन, बाबा तिच्यासोबत, आणि मी इकडे गावात, कारण डुकरांना खायला कोण घालणार! जीव नुसता टांगणीला. वाटलं, ऑपरेशनच्या वेळेला शांतपणे जपमाळ करावी. मी, मेणबत्ती आणि देव. बास! मी फक्त एकटीला राहू द्या म्हटलं होतं!

पण ऑक्टोबर ना... आमच्या फ्लोरेस बेटावर ऑक्टोबरात मारियामातेची मूर्ती रोज संध्याकाळी नव्या घरी मुक्कामाला जाते, तिच्यामागून अख्खी आळी, आणि आळीमागून आळीच्या निळ्या प्लास्टिकच्या खुर्च्या. त्या दिवशी पाळी नेमकी आमची! दुपारीच बापा लोरेन्स हजर. हे आळीचे प्रमुख, म्हणजे यांना विचारल्याशिवाय कोंबडी अंडं घालत नाही. मी म्हटलं, बापा, आज मूर्ती पुढच्या घरी न्या. तर अशी मान तिरकी केली, जणू मी धर्मच सोडला, "म्हणजे नोना, आई ऑपरेशनच्या टेबलावर आणि तू घरात एकटी? आळी काय मेली?" आमच्याकडे प्रत्येक पोरगी 'नोना'च.

आता मी कुपांगला कॉलेज करून आलेय, होस्टेलमध्ये दार लावून प्रार्थना करायला शिकलेय, मला काय शुभवर्तमान माहीत नाही? मी ऐकवलंच, येशू म्हणालाय, प्रार्थना करायची तर खोलीत जा आणि दार लाव! पण बापांच्या मागे ओमा सिसिलिया उभी. सगळ्या आळीची आजी, दात गेले, जीभ राहिली. "लाव की दार," म्हणते. "पण त्याला पकडून नेलं त्या रात्री बागेत त्याच्यावर वेळ आली, तेव्हा तिघा शिष्यांना सोबत नेलंच ना येशूने? ते मेले झोपी गेले. आम्ही नाही झोपणार, नोना. आम्ही कॉफी पिऊन येतो."

आणि आले! मूर्ती घेऊन, खुर्च्या घेऊन, आणि दाराबाहेर अंगणात बसले. म्हटलं, बापा, हे काय? तर म्हणतात, "तू आत एकटी बस. आम्ही बाहेर एकटे बसतो."

अख्खी आळी, एकटी! बाळ खोकतंय, खुर्च्या करकरतायत, बांबूची भिंत, सगळं आत ऐकू येतंय, कुणीतरी कुजबुजतंय, आल्यागेल्यासाठी केळी तळणार नाही वाटतं ही? याला एकांत म्हणतात?

मी चिडून मेणबत्ती पेटवली आणि सुरू केलं, "नमो मारिये, कृपापूर्णे..." अर्धं म्हटलं आणि थांबले. का थांबले? सवय! जन्मभर अर्धं एकाने म्हणायचं, उरलेलं सगळ्यांनी. होस्टेलमध्ये मनातल्या मनात देवाशी बोलायचे, जपमाळ तिथे कधी हातात धरलीच नव्हती, हे तेव्हा लक्षात आलं. बरं, उरलेलंही आपणच म्हणू. पण उरलेल्यात काय आहे? "आता आणि आमच्या मरणाच्या वेळी." आई तिकडे टेबलावर, आणि तो शब्द... जीभच उचलेना हो.

मग भिंतीपलीकडून आधी ओमाचा बोळका आवाज, मग बापांचा, मग अख्ख्या अंगणाचा, "पवित्र मारिये, देवाच्या माते..." शेवटपर्यंत म्हटलं त्यांनी. तो शब्दसुद्धा.

सगळी जपमाळ अशीच झाली. अर्धं मी आत, अर्धं ते बाहेर, मध्ये बांबू. इतकं झाल्यावर दार उघडावंच लागलं, काय करणार? आणि डोळ्यांचं म्हणाल तर तो मेणबत्तीचा धूर होता. मी फक्त एकटीला राहू द्या म्हटलं होतं!

बाबांचा फोन आला, सगळं नीट झालं. दुसऱ्या दिवशी आई स्वतः बोलली. पहिलं वाक्य काय? तू कशी आहेस? घाबरलीस का? नाव नको! "योविता, आळीतले सगळे आले ना? केळी पुरली का?"

मी "पुरली" म्हणाले. एक केळं तळलं नव्हतं. आता खोटं बोलले म्हणजे फादरकडे कबुलीला जाणं आलं, आणि म्हटलं, चला, ती तरी एकटीने करायची असते! तर ओमा म्हणते, "जा की, जा. रांगेत आम्ही आहोतच."