गाडीखालच्या माणसाला हाक

माझं माहेर दोडामार्गाकडचं, डोंगरातलं, तिथे आमच्या लहानपणी चाक म्हणजे बैलगाडीचं आणि तेसुद्धा पावसात रुतलेलं, म्हणून मी लग्न होऊन खाणींच्या मुलखात या सर्वणला आले आणि दारात खाणीचा ट्रक उभा बघितला तेव्हा काय केलं असेल, सांगा बघू? घोवाच्या, नवऱ्याच्या, पाठीमागे लपले. वरातीतच. सासूबाई म्हणाल्या लक्ष्मी आहे ती, हळदकुंकू लाव, तर मी लावलं, पण हात असा लांब करून, चावऱ्या कुत्र्याला भाकरी घालतात तसं. हसा, हसा, मला पण हसू येतं त्या पोरीचं, एवढीशी, नाकात भली मोठी नथ, आणि डोळे असे की ट्रकच हिला खाणार.

थांबा हां. दत्तू रे! हां, बोलला. मुलगा माझा, तो गाडीखाली आहे. तुम्ही लिहा.

तर घोव माझा, यशवंत, आता नाव घेते हो मी, तो गेला त्याला वर्षं झाली, आणि नाव घ्यायला कशी शिकले तेच सांगतेय तुम्हाला. तो खाणीचा ट्रक चालवायचा आणि मोडला की अंगणातच दुरुस्त करायचा. आणि सासऱ्यांचा नियम असा, गाडीखाली माणूस गेला की बाहेर एकाने बसायचं आणि हाक मारत राहायची, खालच्याने ओ द्यायची. ओ आली नाही तर काय झालं, कसं झालं विचारत बसायचं नाही, पाय धरून ओढायचं. मी घाबरट, मला दुसरं काम जमत नव्हतं, म्हणून मला तिथे बसवली. घाबरट माणसं वाईट नसतात बरं का, ती नजर काढून दुसरीकडे बघत नाहीत.

पण हाक मारणार कशी? सोप्यावर सासरे बसलेले, त्यांच्यासमोर मी तोंड उघडायची नाही, आणि घोवाचं नाव तर घ्यायचंच नाही. मग त्याने युक्ती काढली, म्हणाला तू काकणं वाजव. काकणं वाजत असली म्हणजे सगळं ठीक, मी खालून पान्याने ठोकेन. झालं, मी पदर घेऊन बसायची आणि छुन छुन करायची, आणि खालून टक टक यायचं, काय संसार तो, अर्धा काकणांवर आणि अर्धा पान्यावर.

एकदा तो असाच गिअरबॉक्स जॅकवर घेऊन खाली गेला, खाली फळी न ठेवता, आणि पाऊस नुकताच गेलेला, माती मऊ. मी छुन छुन करतेय आणि बघते तर जॅकचं बूड मातीत जातंय. आधी वाटलं माझे डोळेच फिरले. मग परत बघितलं, जातंय. आता शहाण्या बाईने काय केलं असतं? गप्प बसली असती. काकणं थांबली की तो बाहेर आला असता, तसं ठरलेलंच होतं. आणि ही आमची राणी काय करते, तर घाबरून दोन्ही हात हलवते, जोरात, आणखी जोरात, सगळं अंगण काकणांनी भरून टाकलं, आणि तो खाली खूश, त्याला वाटलं बायको आज मजेत आहे, तो टक टक टक टक करतोय. अहो, दोन काकणं फुटून रक्त आलं हातातून तरी मी वाजवतेच आहे.

आणि मग कुठून आला आवाज माहीत नाही, मी ओरडले, यशवंता! तो खाली दचकला, कारण त्याला नावाने हाक मारणारी बाई घरात एक त्याची आई, आणि हा आवाज काही आईचा नव्हे, म्हणून कोण गे ही, बघायला तो सरपटत बाहेर आला. त्याचं डोकं बाहेर आलं, खांदे आले, कंबर आली, आणि जॅक आडवा झाला आणि गिअरबॉक्स खाली. पहिल्या बोलल्या सासूबाई, काय म्हणाल्या असतील? घोवाचं नाव घेतलंन हिने, सगळ्यांसमोर. तेव्हा सासरे सोप्यावरून म्हणाले, घेतल्यान तर घेवंदे, नाव घेतल्यान म्हणान माणूस उरलो.

त्या दिवसापासून आमच्या घरात काकणं बंद, तोंडाने हाक. आणि यशवंताने मला जॅक शिकवला. म्हणाला दांडा वर-खाली केलास तर वजन वर जातं, फिरवलास तर खाली येतं, म्हणून घाबरलीस तर एवढंच ध्यानात धर, पाणी हापसतात तसं हापसायचं, किल्लीसारखं फिरवायचं नाही. मी म्हटलं बरं. मनात म्हटलं, मी कशाला हात लावतेय त्या मेल्याला.

मग खाणी बंद पडल्या, ट्रक गंजले, तो गेला, आणि दत्तूने घरच्या काजूच्या बागेत लक्ष घातलं. आमची बाग चढणीवर, लाल माती, बोंडूंचे, काजूच्या फळांचे, डबे भरले की आमच्या लहान ट्रकाची मागची दोन चाकं नुसती गरगर फिरायची. दत्तू म्हणाला मी हा चारी चाकांनी ओढणारा करतो. भंगारातून पुढच्या चाकांचा आस आणला, गिअरबॉक्सच्या मागे जोडायचा एक डबा आणला, तो डबा पुढच्या चाकांना पण जोर वाटून देतो, आणि अंगणात सुरू झालं, जिथे बाप ट्रक दुरुस्त करायचा तिथेच.

आता हे नीट ऐका. गिअरबॉक्सच्या पोटाखाली एक आडवं लोखंड असतं, ते क्रॉस मेंबर म्हणतात, मी आडो म्हणते, आपण दाराला आतून आडो घालतो तसं ते चेसीच्या दोन लांब बाजूंच्या मध्ये घातलेलं, आणि सगळा भार त्याच्यावर. नवा डबा जोडला म्हणजे लांबी वाढली, वजन वाढलं, म्हणून जुना आडो काढायचा आणि नवा थोडा मागे बसवायचा. पण जुना काढल्यापासून नवा बसेपर्यंत सगळं वजन एका जॅकवर. कळलं ना? एका जॅकवर, आणि त्याच्याखाली माझा पोरगा.

त्याने जॅकखाली घालायला फळी मागितली तर मी माझा लग्नातला फणसाचा पाट आणून दिला. सून पेडण्याला कचेरीत गेलेली, घरात आम्ही दोघंच. दत्तू रे म्हणून म्हणून मी कंटाळले, म्हणून देवळात घालतात तसं गाऱ्हाणंच घालायला लागले, मी मागायचं आणि त्याने व्हय म्हाराजा म्हणायचं. बा देवा राखणदारा, ह्या वर्षी बोंडू बरे येवंदे. खालून, व्हय म्हाराजा. शेजारणीची कोंबडी आमच्या परसात येता ती येवची थांबांदे. व्हय म्हाराजा. सुनेक बदली जवळ मिळांदे. व्हय म्हाराजा. डाव्या बाजूचे बोल्ट बसले म्हणाला, उजवी भोकं जरा जुळत नाहीत. मी म्हटलं, बा म्हाराजा, उजवी भोकां जुळांदे.

ओ नाही.

दत्तू रे, म्हटलं. नाही. दत्ताराम! नाही. नियम आठवला, पाय धरून ओढायचं, मी वाकून त्याचे घोटे धरले, आणि त्याने पाय झाडला. म्हणजे जिवंत आहे. पण मग बोलत का नाही? मी या वयात, या गुडघ्यांनी, अंगणात आडवी झाले आणि खाली बघितलं. त्याचे डोळे उघडे, माझ्याकडेच. दातांत बोल्ट धरलेले. दोन्ही तळहात आड्याला खालून लावलेले, मानेच्या शिरा दोऱ्यांसारख्या. जॅकमधून तेल गळत होतं, पाटावर काळा ओघळ, आणि गिअरबॉक्स त्याच्या छातीकडे जरा, आणखी जरा. मी ओढलं असतं तर हात सुटले असते.

त्याने पायाने जॅकच्या दांड्याकडे दाखवलं. दांड्याचा पाइप माझ्या बाजूलाच बाहेर आलेला. मी धरला, आणि काय सांगू तुम्हाला, ती नथवाली पोरगी परत आली माझ्या हातात, हात हलवायचे की गप्प राहायचं, वर-खाली की फिरवायचं, काही म्हणता काही आठवेना. फिरवला असता तर संपलं होतं. मी डोळे मिटले आणि मोठ्याने म्हटलं, यशवंता, सांग. आणि हापसायला लागले. पाणी हापसतात तसं, वर, खाली. आधी काहीच नाही, दांडा पोकळ जातोय. मग जड झाला. मग आणखी जड. पाट करकरला. मी हापसतच राहिले, रडत होते की काय ते मला माहीत नाही, आणि मग लोखंडात लोखंड सरकल्याचा आवाज आला, उजवीकडचा एक बोल्ट भोकात गेला, आणि जरा वेळाने दुसरा.

आणि मग, बोल्ट दातांत नसलेल्या तोंडाने,

"व्हय म्हाराजा."

बाहेर आला तेव्हा मी त्याच्या टाळक्यात एक ठेवून दिली, पन्नाशीला आलेल्या माणसाच्या. तो म्हणाला आये, हात धर, उठ. मी म्हटलं मला उठता येत नाही, मी इथेच बसते, आणि तोसुद्धा माझ्या बाजूला मातीतच बसला. जॅक त्याने भंगारात दिला. पाटाला मधोमध चीर गेलीय, तो मी पुसून देवाकडे ठेवलाय.

आता ट्रक बागेची चढण चढतो, भरलेले डबे घेऊन, मला पुढे बसवतात आणि मी डोळे मिटून बसते, ते सोडा. भीती काही गेली नाही माझी, वाढलीच. आज तो नुसतं ग्रीस भरतोय, म्हणतो आये, तू पाहुण्यांकडे सावकाश बोल, काही होत नाही. त्याचा बाप पण असंच म्हणायचा. तुम्ही एवढ्या लांबून आलात, चहा घेऊन जा, आणि म्हातारीचा आशीर्वाद पण घ्या, तुमच्या घरी तुम्हाला नावाने हाक मारणारं कोणीतरी शेवटपर्यंत उरो.

दत्तू रे!

बोलू नका जरा, ओ ऐकू येवंदे.