मस्टँग, चार्जर आणि आमची सुपारी

नाही, तुम्हीच सांगा, माझ्या लग्नाचा आणि अमेरिकेचा काय संबंध? मुलगा नेरूळचा, मुलगी नेरूळची, एकाच सोसायटीतली, आम्ही ए विंग, ते बी विंग, दोन्ही घरं मूळची साताऱ्याकडची, पत्रिका जुळलेली, आणि मुलामुलीचं तर पत्रिकेच्या आधीच जुळलेलं... आणि लग्न अडलं कशावर? हुंडा नाही, मानपान नाही, मस्टँग भारी का चार्जर भारी! अमेरिकेतल्या गाड्या हो, माझ्या जन्माच्या आधीच्या, राक्षसासारख्या इंजिनाच्या. आणि तुम्हाला सांगतो, भांडणारे दोघं, पण एकानंही गाडी बघितलेली नाही!

एक माझे वडील, बाजीराव. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी, पाठीवर गोणी घेऊन जन्म गेला. दुसरे रावसाहेब, म्हणजे आमच्या क्रांतीचे वडील, त्याच मार्केटात मॅटाडोर टेम्पो चालवायचे. दोघं जिवलग, एका डब्यात जेवणारे. आता हा रोग लागला कसा? तर नव्वद साली रावसाहेबांच्या मॅटाडोरमधनं मुंबईहून आलेल्या सफरचंदाच्या पेट्या फुटल्या, पेटीच्या तळाला रद्दी, आणि त्या रद्दीत एक इंग्रजी मासिक, गुळगुळीत पानांचं, गाड्यांच्या फोटोंचं. दोघांनी एकदम हात घातला, मासिक मधोमध फाटलं. वडिलांच्या हातात आलेल्या अर्ध्यात मस्टँग, रावसाहेबांच्या अर्ध्यात चार्जर. झालं! जे हातात आलं तो ज्याचा त्याचा देव. मी तर म्हणतो, त्या दिवशी उलट्या बाजूला उभे असते तर वडील चार्जरवाले झाले असते... पण हे घरात बोलायची सोय आहे का?

बरं, मासिक इंग्रजी. वडील चौथी पास, म्हणून वाचायला कोण? मी. कॉलेजात होतो ना, कॉमर्सला, म्हणजे इंग्रजी यायलाच पाहिजे. मी वाचलं, ‘इंजिन, थ्री हंड्रेड नाइन्टी क्यूबिक इंचेस.’ वडील म्हणाले, म्हंजे किती? मी म्हटलं, मोठं असतं. किती मोठं? आता मला काय माहीत! मी म्हटलं, कांद्याची गोणी मावेल एवढं. संध्याकाळी कट्ट्यावर जाऊन त्यांनी सगळ्यांना सांगितलं की अमेरिकेत इंजिनात कांद्याची गोणी मावते. तिकडे बी विंगमध्ये क्रांती तिच्या वडिलांना वाचून दाखवायची, फोर हंड्रेड फॉर्टी. आमचे तीनशे नव्वद, त्यांचे चारशे चाळीस, वडिलांना रात्री जेवण जाईना. मग मी अडलेले शब्द विचारायला क्रांतीकडे जायला लागलो. कार्ब्युरेटर म्हणजे काय, हे विचारायला रोज जावं लागतं का? लागतं हो. अवघड शब्द आहे.

आणि तो कट्टा! आमच्या सोसायटीच्या गेटपाशी, पाण्याच्या टाकीला टेकून. रोज संध्याकाळी वडील आवाज काढून दाखवायचे मस्टँगचा. घुर्रर्र... घुम घुम घुम... गाल फुगवून, डोळे मिटून. रावसाहेब लगेच चार्जर सुरू करायचे, धडाड धडाड धडाड... छातीवर मूठ आपटून. पहिल्या मजल्यावरच्या वेणूबाईंना वाटलं माझ्या वडिलांचं पोट बिघडलंय, त्यांनी वाटीभर ओवा पाठवला. वडील म्हणायचे, आमच्या गाडीच्या नाकावर पळता घोडा हाय. रावसाहेब म्हणायचे, माझ्या मॅटाडोरवर वाघ काढलाय, तो कुणाला चावला का आजवर? वडील म्हणायचे, तुझ्या गाडीचे दिवे दिवसा पडद्याआड, तोंड लपवणारा माणूस आणि दिवे लपवणारी गाडी, दोघांवर भरवसा ठेवू नये. अशी सहा वर्षं हो! ऊन नाही, पाऊस नाही. आणि पुन्हा सांगतो, एकानंही गाडी बघितलेली नाही!

तरी तोवर सगळं गोडीगुलाबीचं होतं. भांडायचे, चहा प्यायचे, उठायचे. घोळ झाला आमच्या बैठकीत. गावाहून चुलते आलेले, बाबासोकाका, ताटात नारळ, विडे, सुपारी, पोहे झालेले, आता सुपारी फोडायची की लग्न पक्कं. मी नवा शर्ट घालून बसलोय, क्रांती दाराआडून बघतेय... आणि कुठल्या तरी शहाण्यानं विचारलं, वरात कशातनं काढायची? वडिलांनी एका क्षणाचाही विचार केला नाही. म्हणाले, मस्टँगमधनं. रावसाहेबांनी पोह्याची ताटली खाली ठेवली. म्हणाले, माझी लेक चार्जरमधनंच जाईल, मॅटाडोर विकायला लागली तरी चालेल. बाबासोकाकांनी माझ्या कानात विचारलं, हा चार्जर म्हणजे मुलीचा मामा का? मी म्हटलं, काका, गप बसा.

मग चढत गेलं. तीनशे नव्वद निघाले, चारशे चाळीस निघाले, घोडा निघाला, वाघ निघाला. शेवटी वडील उठले, ताटातली सुपारी उचलली आणि खिशात घातली. म्हणाले, “ही सुपारी आता मस्टँगबिगर फुटायची न्हाय.” रावसाहेब म्हणाले, “मग ठिव खिशात. म्हातारपनी चघळ.” आणि वडील तसेच निघून गेले की हो! माझं लग्न खिशात घालून माणूस हिंडायला लागला, मार्केटात, घरात, संडासला जाताना सुद्धा!

तुम्हाला खरं सांगतो, भांडण परवडलं पण ती शांतता नको. दोघं बोलेनात. डबे वेगळे झाले. कट्टा ओस पडला. वडील घरी येऊन नुसते बसायचे, एका शब्दाला शब्द नाही, घुर्रर्र नाही, घुम नाही. वेणूबाईंनी परत ओवा पाठवला, आवाज का येत नाही म्हणून. मी एकदा म्हटलं, बाबा, गाडी कुठली का असेना, मला क्रांतीशी लग्न करायचंय. तर खिशातली सुपारी चाचपत म्हणाले, मला पण रावशाशी बोलायचंय रे, पण आता बोललो तर चार्जर भारी ठरतीया. मला खरंच रडू आलं. लग्न तर लग्न, पण या दोघांचं काय करायचं?

मार्ग काढला क्रांतीनं. ती तेव्हा तुर्भ्याला एका कंपनीत टायपिंगला जायची. वाटेवर एक गॅरेज होतं, दिवाळे गावच्या देवजीचं, मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली एक लांबच लांब गाडी झाकलेली. तिनं दोन्ही विंगांत जाऊन सांगितलं, अमेरिकन गाडी आहे. रविवारी चला. जी निघेल तिच्यातनं वरात, आणि जो हरेल त्यानं मान खाली घालायची. मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, अगं, चार्जर निघाली तर माझे वडील सुपारी गिळतील! ती म्हणाली, आणि मस्टँग निघाली तर माझे वडील जेवण सोडतील, पण एकदाचं होऊन जाऊ दे. असली धीराची मुलगी.

रविवारी चौघं गेलो. दोघं बाप एकमेकांकडे न बघता. ताडपत्रीवरूनच सुरू, वडील माझ्याशी बोलणार, त्यांना ऐकू जाईल असं, की बोनेट लांब हाय, मस्टँगच हाय. रावसाहेब क्रांतीशी बोलणार, मागची बाजू बघ, चार्जरच. देवजीनं ताडपत्री ओढली. मी डोळे मिटले हो! उघडतोय तर दोघं मान वाकडी करून बघतायत. म्हणजे काय झालं, की गाडी होती, लांब होती, पण घोडा नाही, नाव नाही, नाकावरच्या जाळीच्या जागी खिडकीची जाळी ठोकलेली, पुढचे दिवे ॲम्बॅसेडरचे, मागचे ट्रकचे, एक दार हिरवं, बाकी सगळ्या अंगाला घराच्या भिंतीचा पिवळा रंग, ब्रशनं मारलेला. दोघांनी प्रदक्षिणा घातली. एकदा, दोनदा. वाकून बघितलं, टकटक वाजवून बघितलं. खिशातनं मासिकाची घडी पडलेली पानं काढली, शेजारी धरली. काही कळेना. सहा वर्षं भांडले आणि समोर उभी केली तर ओळखता येईना! येणार कशी? एकानंही गाडी बघितलेली कुठे होती!

वडिलांनी देवजीला विचारलं, कुठली गाडी आहे ही? देवजी म्हणाला, “मना काय ठावं? लांब हाय, मंजे अमेरिकन हाय.” मग रावसाहेबांना सुचलं, की आवाज! आवाज लपत नाही, इंजिन चालू करा. आता खरी परीक्षा. वडील डोळे मिटून उभे, सहा वर्षं गालातनं काढलेला आवाज आता कानानं ऐकायचा. रावसाहेबांची मूठ छातीवर. देवजीनं किल्ली फिरवली... आणि तुम्हाला काय सांगू... खड खड खड खड खड... ख्ख्... खड खड खड... आणि मागनं काळ्या धुराचा लोट!

रावसाहेबांचा चेहरा पांढरा पडला. रोज बारा तास मांडीखाली ऐकलेला आवाज तो. देवजीनं बोनेट उघडलं. आत मॅटाडोरचं डिझेल इंजिन! आता यात कुणाची चूक आहे का? पेट्रोल परवडेना म्हणून आधीच्या कुणीतरी मूळचं इंजिन काढून भंगारात विकलं आणि हे बसवलं, त्या काळात अशा गाड्यांना सर्रास बसवायचे. गोणीभर कांदे मावतील अशा जागेत ते इंजिन कोपऱ्यात बसलेलं, परक्या घरात पाहुणा बसावा तसं.

दोघं शेजारच्या टायरवर जाऊन बसले. एकाच टायरवर. मी क्रांतीकडे बघितलं, मनात म्हटलं, संपलं, ना मस्टँग ना चार्जर, आता सुपारी सात जन्म फुटत नाही. इंजिनाचं आपलं खड खड चालूच. मग रावसाहेब, इतक्या दिवसांनी पहिल्यांदा, वडिलांकडे तोंड करून बोलले. “बाज्या, कुठल्या कुठं मुलुख तिचा. हितं आली, पोटातलं सगळं बदललं, अंगाला मिळंल त्यो रंग लावला... पन चालतीया बग अजून. आपलं तरी येगळं काय झालंय?”

वडिलांनी मान हलवली. डोळे पुसले, खोटं नाही सांगत, गोण्या उचलणारा माणूस, पोरासमोर डोळे पुसले. मग उठले, खिशात हात घातला, सुपारी काढली, इतक्या दिवसांत घामानं काळी पडलेली. बोनेट बंद केलं, त्यावर ठेवली आणि देवजीला म्हणाले, हातोडा द्या. आणि फोडली हो! गाडीच्या बोनेटवर, इंजिन चालू, धूर निघतोय, खड खड खड खड, ना भटजी ना ताट, अर्धी सुपारी रावसाहेबांच्या तोंडात, अर्धी स्वतःच्या. तिथेच माझं लग्न ठरलं. बोनेटला पोचा आला तो आला, देवजीनं त्याचं काही मनावर घेतलं नाही, उलट स्वतः डिझेल भरून वरातीला गाडी आणून दिली. अशी माणसं भेटायला नशीब लागतं.

वरात काय वर्णन करू? तुर्भ्याचा बँड होता, पण आमच्या गाडीपुढे त्यांचा आवाजच निघेना, शेवटी ते बिचारे वाजवायचे थांबले आणि खडखडीच्या ठेक्यावर लोक नाचले. नेरूळ स्टेशनपासून सोसायटीपर्यंत आलो, पोचेपर्यंत क्रांतीचा शालू राखाडी, माझा फेटा काळा, वेणूबाई ओव्याऐवजी पाणी घेऊन उभ्या. पण पुढच्या सीटवर, गाडी चालवणाऱ्या देवजीच्या बाजूला, दोघं बाप शेजारी शेजारी, एकमेकांच्या खांद्यावर हात, राजासारखे! मी मागे बसून त्या इंजिनाला हात जोडले. खरं सांगतो, मनापासून. ताडपत्रीखालून खरी मस्टँग निघाली असती, खरी चार्जर निघाली असती, तर एक बाप जिंकला असता आणि माझं घर हरलं असतं. माझा संसार उभा आहे तो त्या मॅटाडोरच्या कृपेनं.

आता तुम्ही म्हणाल, वाद मिटला. कसला मिटतोय! आता आमच्याकडे वरातीचा फोटो आहे भिंतीवर. डबा पुन्हा एक, कट्टा पुन्हा सुरू, आणि रोज कट्ट्यावरनं उठले की दोघं त्या फोटोसमोर. बोनेट बघ, मस्टँगच हाय. मागची बाजू बघ, चार्जरच. आता तर म्हणायचीही सोय राहिली नाही हो, की एकानंही गाडी बघितलेली नाही! बघितलीय, हात लावलाय, आत बसून मिरवलेत... तरी चालूच आहे.

परवा कंटाळून मी आमच्या धाकट्याला उचललं, दोन वर्षांचा आहे, रावसाहेबांच्या मॅटाडोरमधनं रोज फेरी मारतो, दोन्ही आजोबांसमोर धरला आणि म्हटलं, बाळा, तूच सांग रे बाबा, आईबाबांची गाडी कुठली? त्यानं एकदा या आजोबाकडे बघितलं, एकदा त्या आजोबाकडे बघितलं, आणि म्हणाला, “खड खड खड... ख्ख्...”

अख्ख्या खानदानात गाडी ओळखता आली ती एवढ्या एकालाच.